काडतूस मवाळ, स्कोप कणखर

स्कोप घ्यायला आलेला माणूस काय करतो, हे अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या स्पोर्टिंग गुड्सच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहून बघा. काउंटरवरचा स्कोप उचलतो, डोळ्याला लावतो, समोरच्या भिंतीवरच्या एल्कच्या मुंडक्यावर रोखतो, झूम पुढेमागे फिरवतो आणि खूश होतो. ट्यूबलाइटच्या उजेडात वीस फुटांवरचं मुंडकं कुठल्याही काचेतून छानच दिसणार. बघायचं असतं ते वेगळंच. शंभरेक गोळ्यांचे धक्के, पिकअपमधला खडबडीत रस्ता आणि एखाद्या वेळी खडकावर आपटणं, एवढं सोसून क्रॉसहेअर होता तिथेच राहतो का? हे दुकानात कळायला मार्ग नाही. हंगामात मात्र कळतं, आणि तेव्हा त्याची किंमत जनावर मोजतं.

कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटानाकडे राहणाऱ्या आपल्यातल्या काही मंडळींना अलीकडे शिकारीची ओढ लागली आहे. ऑफिसातला कुणी सोबत नेतो, फ्रीजरमध्ये एल्कचं मटण येतं, त्याचं सुकं घरात सगळ्यांना आवडतं आणि पुढच्या वर्षी स्वतःची रायफल घ्यायचं ठरतं. हा लेख त्यांच्यासाठी. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली व्यवस्था निराळी आहे. किती परवाने द्यायचे ते राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं, आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली नि काडतुसांवरचा ११ टक्के कर संवर्धनाकडे वळवला जातो.

पैसे खर्च करण्याआधी कायद्याची बाजू बघून घ्या. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघराज्याच्या कायद्यानुसार एरवी बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगताच येत नाही. कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना हातात असेल तर अपवाद आहे. म्हणजे आधी परवाना, मग रायफल. आणि परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. याबाबतीत दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, वकिलाला विचारा. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. तो अभ्यासक्रम उरकून टाकायचा म्हणून करू नका, मन लावून करा.

आता मूळ विषय. स्कोपची गोष्ट काडतुसापासून सुरू करावी लागते, कारण स्कोपचे हाल काडतूसच करतं. साधारण आठ पौंडांच्या रायफलीत ६.५ क्रीडमूरचा मागे बसणारा धक्का १२-१३ फूट-पौंडांचा असतो, .३०८ विन्चेस्टरचा १७च्या आसपास, .३०-०६चा २०, आणि .३०० विन्चेस्टर मॅग्नमचा २५च्याही पुढे. हा धक्का जितका तुमच्या खांद्याला बसतो तितकाच रायफलीवरच्या स्कोपच्या स्प्रिंगांना, रिंगांना आणि स्क्रूंना बसतो. नवखा माणूस नेमका उलटा विचार करतो. एल्क केवढा मोठा, नर सातशे पौंडांचा, तेव्हा काडतूसही दांडगंच हवं, असं म्हणून तो मॅग्नम घेतो. रायफल महाग पडते म्हणून स्कोपवर काटकसर करतो. धक्का नकोसा वाटतो म्हणून सरावाला वर्षाकाठी एखादी पेटी उडवतो. तिन्ही चुका एकाच निर्णयातून निघतात.

जनावर गोळीच्या 'ताकदीने' कोसळतं, हा समज आधी डोक्यातून काढा. गोळी छातीतून जाते, फुप्फुसं आणि मोठ्या रक्तवाहिन्या फाडते, रक्तदाब घसरतो, मेंदूचा प्राणवायू तुटतो आणि जनावर पडतं. दोन्ही फुप्फुसांतून आरपार गोळी गेलेलं हरीणही पन्नास-शंभर यार्ड पळू शकतं. म्हणजे दोनच गोष्टी महत्त्वाच्या: गोळी कुठे लागली आणि आत जाऊन तिने काय केलं. पेटीवर छापलेले फूट-पौंड या दोन्हींबद्दल फारसं काही सांगत नाहीत. कायद्याने मात्र किमान मर्यादा घातली आहे. कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी गोळीचा व्यास निदान .२४ इंच हवा, गोळी फुलणारी हवी, एल्कसाठी तिचं वजन किमान ८५ ग्रेन हवं आणि १०० यार्डांवर ऊर्जा १००० फूट-पौंड हवी. ही मर्यादा वाटते त्याहून पुष्कळ खालची आहे. .३०८ ती सहज ओलांडतं.

जिम कॉर्बेट वाचलेल्यांसाठी एक जोड. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यानंतर १९०७ साली त्याला भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बी होती. म्हणजे जर्मन ७×५७ माउझर हेच काडतूस, इंग्रजी नावाने. आजच्या हिशेबात ते ७एमएम-०८ रेमिंग्टनच्या आसपास बसतं, आणि आजकाल ते काउंटरवर ठेवलं तर पोरसवदा गिऱ्हाईकही नाक मुरडेल.

मग घ्यायचं काय? हरीण, प्राँगहॉर्न आणि मध्यम पल्ल्यावरचा एल्क एवढंच डोळ्यांपुढे असेल, तर ६.५ क्रीडमूर, ७एमएम-०८, .३०८, .२७० विन्चेस्टर किंवा .३०-०६ यांतलं कुठलंही घ्या. .२७० बाजारात आलं १९२५ साली, .३०-०६ त्याच्याही आधी १९०६ मध्ये, .३०८ १९५२ मध्ये. यांच्या वयाला हसू नका. लहान गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात हंगामाच्या आदल्या संध्याकाळी यांतलंच काहीतरी मिळतं. २०२० आणि २१च्या टंचाईत नव्या फॅशनच्या काडतुसांचे मालक रिकाम्या शेल्फांकडे बघत बसले होते. माझं मत विचाराल तर पहिल्या रायफलीसाठी .३०८ किंवा ७एमएम-०८. एल्क मुख्य असेल आणि तुम्ही हाडापेराने दणकट असाल तर .३०-०६. मॅग्नम तिसऱ्या-चौथ्या हंगामानंतर घ्या, तीही गरज पटली तर. 'मॅग्नम सपाट जाते' हा युक्तिवाद आकड्यांत फार बारीक आहे. २०० यार्डांवर झिरो केलेली, म्हणजे तिथे नेमाच्या बिंदूवरच लागेल अशी जुळवलेली, .३०८ची गोळी १०० यार्डांवर दोनेक इंच वर आणि ३०० यार्डांवर नऊएक इंच खाली लागते. .३०० विन्चेस्टर मॅग्नम तीनशेवर सातेक इंच खाली. या दोन इंचांसाठी दीडपट धक्का सोसायचा का, ते तुम्हीच ठरवा.

धक्क्याने तुम्ही दचकता की नाही हे स्वतःला कळत नाही. त्यासाठी रेंजवर मित्राला हाताशी घ्या. त्याने तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये कधी खरं काडतूस, कधी डमी घालून द्यायचं. डमीवर चाप ओढताना नळीचं तोंड खाली झुकलं, की निकाल लागला. मग महाग स्कोपही तुम्हाला वाचवणार नाही. हलकं काडतूस घ्या, किंवा .२२ लाँग रायफलवर उन्हाळाभर सराव करून पुन्हा या.

काडतुसाच्या नावावर जितका वाद घातला जातो, त्याच्या चतुर्थांश विचार गोळीवर केला तर जनावरांचे हाल कमी होतील. १९४६ साली जॉन नॉस्लर ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला. चिखलाने माखलेल्या मूसवर त्याच्या वेगवान .३०० एच अँड एचच्या गोळ्या वरच्यावरच फुटल्या, आत पोचल्याच नाहीत. काडतूस जोरदार होतं, पण गोळी कमकुवत. त्यातून त्याने मधोमध तांब्याची आडभिंत असलेली 'पार्टिशन' गोळी बनवली. पुढचा भाग फुलतो, मागचा आत घुसत राहतो. ती अजूनही विकली जाते. आज साधारण तीन प्रकार दिसतील. तांब्याच्या पातळ कवचात शिसं भरलेली साधी गोळी, जी हरणाला उत्तम आणि स्वस्त. शिसं कवचाला चिकटवलेली बाँडेड गोळी, जी हाड लागलं तरी विखुरत नाही. आणि पूर्ण तांब्याची गोळी, जी फुलते पण वजन जवळजवळ गमावत नाही. साध्या गोळीला फुलायला लक्ष्यावर पोचताना सेकंदाला १८०० फुटांच्या आसपास वेग लागतो, तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना २०००च्या आसपास. नेमका आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. म्हणजे तांब्याची गोळी फार लांबून मारली तर न फुलता बारीक भोक पाडून निघून जाऊ शकते, आणि मऊ गोळी मॅग्नमच्या वेगाने जवळून खांद्याच्या हाडावर बसली तर वरच फुटू शकते. एल्कसाठी बाँडेड किंवा तांब्याची, ३०० यार्डांच्या आत, इतकं धरून चाला. रेंजवर स्वस्तात मिळणारी फुल मेटल जॅकेट गोळी शिकारीसाठी कधीही वापरू नका. ती फुलत नाही आणि बहुतेक ठिकाणी बेकायदाही आहे.

मटण घरी लहान मुलं खाणार असतील तर तांब्याकडे वळायला आणखी एक कारण आहे. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात. टाकून दिलेल्या आतड्यांतून ते गिधाडांच्या पोटात जातात. काँडोर पक्ष्यांना होणारी शिशाची विषबाधा हे कॅलिफोर्नियातल्या शिशाबंदीचं मोठं कारण होतं, आणि १ जुलै २०१९पासून तिथे शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत. डायक्लोफेनॅक या औषधाने आपल्याकडची गिधाडं कशी गेली हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यात जास्त समजावून सांगायला नको.

आता स्कोप उघडून बघू. बाहेर जी नळी दिसते तिच्या आत आणखी एक छोटी नळी असते. तिचं डोळ्याकडचं टोक एका सांध्यावर टेकलेलं, आणि दुसरं टोक वरून नि बाजूने येणाऱ्या दोन टरेटच्या, म्हणजे फिरवायच्या बटणांच्या, स्क्रूंवर एका स्प्रिंगने दाबून धरलेलं. वरचं बटण एक क्लिक फिरवलं की स्क्रू किंचित सरकतो, आतली नळी किंचित कलते आणि नेम बदलतो. कोनाच्या पाव मिनिटाचा एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर साधारण पाव इंच. विचार करा, आतल्या त्या टोकाची हालचाल किती सूक्ष्म असेल. प्रत्येक गोळीला ही नळी स्प्रिंगवर उसळते आणि परत तंतोतंत त्याच जागी बसावी लागते. स्प्रिंग मऊ असेल किंवा सांधा ढिला असेल, तर ती बसत नाही. क्लिक फिरवलेत, गोळी मारलीत, फरक नाही. आणखी दोन गोळ्यांनंतर अचानक फरक उमटला, तर समजा की नळी अडकून धक्क्याने सुटली आहे. जुने लोक क्लिक फिरवल्यावर टरेटवर रिकाम्या काडतुसाने टकटक करतात ते यासाठीच. ज्या स्कोपवर टकटक करावी लागते, तो शिकारीला नेऊ नये.

झूम आला की आतल्या भिंगांना सरकायला खाचा येतात, म्हणजे हलणारे भाग वाढतात. ४ किंवा ६ पटीच्या स्थिर स्कोपमध्ये बिघडायला कमी जागा असते, पण तसे आता फार मिळत नाहीत. ३-९ किंवा २-१० घ्यायला हरकत नाही. ५-२५चा धोंडा शिकारीच्या रायफलीवर चढवू नका. स्कोप जड असेल तितका धक्क्याच्या वेळी तो रिंगांना जास्त ओढतो. पुढचं भिंग ५६ मिलिमीटरचं असलं की पहाटे जास्त उजेड मिळतो, असं सांगितलं जाईल. ४० मिलिमीटरचा स्कोप ६ पटीवर ठेवला तर डोळ्याशी ६.७ मिलिमीटरचा प्रकाशझोत पोचतो. चाळिशी ओलांडलेल्याची बाहुली अंधारातही बऱ्याचदा तेवढी उघडत नाही. पटी कमी करा, उजेड फुकटात मिळतो. डोळ्यापासूनचं अंतर साडेतीन-चार इंच हवं, नाहीतर भुवईवर अर्धचंद्र उमटेल. आत नायट्रोजन किंवा आर्गन भरून सील केलेलं असावं. १९४७ साली सर्व्हेची उपकरणं बनवणारी ल्यूपोल्ड कंपनी स्कोपकडे वळली त्यामागे हीच गोष्ट सांगतात, की मार्कस ल्यूपोल्डचा स्कोप शिकारीत आतून धुरकटला आणि हरीण निसटलं.

किंमत आणि विश्वासार्हता हातात हात घालून चालतात असं नाही. काच, कोटिंग, दिव्याचा ठिपका, नक्षीदार रेटिकल यांचे पैसे वेगळे आणि आतल्या स्प्रिंगचे वेगळे. अगदी स्वस्तात भक्कम स्कोप मिळणं कठीण, पण महाग स्कोप भक्कम असेलच असंही नाही. 'आयुष्यभराची वॉरंटी' हा शब्द ऐकून भुलू नका. कंपनी स्कोप बदलून देते, हुकलेला हंगाम देत नाही.

बिघाड मात्र स्कोपचाच असतो असं नाही, आणि इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. दोष बहुतेक वेळा माउंटमध्ये, म्हणजे स्कोपला रायफलीवर धरणाऱ्या बेस आणि रिंगांमध्ये, निघतो. बेसचे स्क्रू आधी काढा, त्यांचं तेल आणि भोकांतलं तेल अल्कोहोलने पुसा, मग इंच-पौंड दाखवणाऱ्या टॉर्क ड्रायव्हरने आवळा. रिंगांचे स्क्रू बऱ्याच कंपन्या १५ ते १८ इंच-पौंडांवर आवळायला सांगतात, पण तुमच्या रिंगेच्या कागदावर जे असेल ते पाळा. 'अजून थोडं' म्हणून पिळलेली रिंग नळीला चेपते आणि आतली नळी अडकते. त्याचा दोष मग स्कोपच्या माथी जातो. रेलवर रिंग बसवताना ती पुढे, नळीच्या तोंडाकडे ढकलून मगच आवळा. गोळी सुटली की रायफल मागे येते आणि स्कोप जागेवरच राहू पाहतो, म्हणजे रेलच्या हिशेबात पुढे सरकू पाहतो. तिथे आधीच टेकलेलं असलं की प्रश्न मिटला. शेवटी पांढऱ्या पेंट-पेनाने रिंग आणि नळी यांवर मिळून एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की काय हलतंय ते लगेच कळेल. दस्त्याचे स्क्रूही तपासा.

हंगामाआधी दोन महिने तरी हाताशी ठेवून परीक्षा घ्या. शिकारीला नेणार त्याच काडतुसाच्या दहा गोळ्या १०० यार्डांवर, टेकू घेऊन, नळी थंड व्हायला वेळ देत मारा. तीन गोळ्यांच्या झुबक्यावर खूश होऊ नका. तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात आणि मग माणूस त्या कागदाचा फोटो काढून वर्षभर मिरवतो. दहा गोळ्यांचा मध्य हा तुमचा खरा झिरो. त्यानंतर त्याच बिंदूवर नेम धरून टरेट कोनाची दहा मिनिटं वर फिरवा. गोळ्या साडेदहा इंच वर लागायला हव्यात. परत खाली आणा. जुन्याच जागी लागायला हव्यात. मग बोल्ट काढा, चेंबर रिकामं असल्याची बोट घालून खात्री करा आणि गवतावर जाड मॅट टाकून गुडघ्याइतक्या उंचीवरून रायफल एकदा डाव्या, एकदा उजव्या कुशीवर पडू द्या. नवी कोरी रायफल अशी आपटताना पोटात कालवतं. पण ती डोंगरात कधीतरी पडणारच आहे. ते आधी कळलेलं बरं. पुन्हा तीन गोळ्या मारा. एक-दीड इंचाची खरी सरक दिसली, माउंट घट्ट आहे, दस्ताही घट्ट आहे, आणि दुसरा, खात्रीचा स्कोप लावल्यावर सरक नाहीशी झाली, तर पहिला परत पाठवा. त्यावर चर्चा करत बसू नका.

टेबलावरचा झुबका हा रायफलीचा निकाल झाला. तुमचा निकाल आठ इंची कागदी प्लेटवर लागतो, कारण हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण तेवढाच असतो. बसून, गुडघ्यावर, काठीच्या टेकूवर, धाप लागलेली असताना, ज्या अंतरावरून पहिलीच गोळी दर वेळी प्लेटमध्ये जाते, तेवढा तुमचा पल्ला. बऱ्याच जणांचा तो दोनशे यार्डांच्या आत निघतो. निघू द्या. तिथून एल्कच्या आणखी जवळ जाणं हे शिकारीचं काम आहे, काडतुसाचं नाही.

शेवटचं काम कॅम्पवर. घरच्या रेंजवर असतानाच २५ यार्डांवर तुमची गोळी नेमापेक्षा किती वर-खाली लागते ते वहीत लिहून ठेवा. कॅम्पवर पोचलात की हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, जिथे परवानगी आहे तिथे, मागे मातीचा उंचवटा बघून, कागदाच्या खोक्यावर पंचवीस पावलांवरून एक गोळी मारा आणि वहीशी ताडून बघा. शिकारीच्या मधेच रायफल पडली, घोड्यावरून सुटली, दाराच्या चौकटीवर जोरात आपटली, तर हेच पुन्हा, समोर कितीही मोठा नर उभा असला तरी. टॉर्क ड्रायव्हर पिशवीत असू द्या. शक्य असेल तर रिंगांसकट आधीच झिरो केलेला एक जुना ४ पटीचा स्कोप मोज्यात गुंडाळून गाडीत ठेवा. तो लावल्यावरही खोक्यावर एक गोळी मारा, मगच वर चढा.